एरंडाचं गुऱ्हाळ

जुन्या गाड्या बाळगणारी दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "कुठलं मॉडेल?" दुसरा, "इंजिन ओरिजिनल आहे का?" आणि तिसरा, "ऑइल कुठलं टाकता?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एका शब्दात संपतात. तिसऱ्याचं उत्तर चहा गार होईपर्यंत चालतं.

परवा तसंच झालं. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने १९८६ ची पद्मिनी घेतली. वय सव्वीस, नोकरी आयटीत, हौस दांडगी. पार्किंगमध्ये मला गाठून त्याने तिसरा प्रश्न थेट विचारला आणि मी जो सुटलो तो अर्धा तास थांबलोच नाही. शेवटी वरून खिडकीतून हिचा आवाज आला, "संपलं का एरंडाचं गुऱ्हाळ?"

तिला कल्पना नव्हती, पण ती अगदी मुद्द्याचं बोलली. मोटारीच्या तेलाची गोष्ट खरोखरच एरंडापाशी सुरू होते. सुरुवातीच्या शर्यतीच्या गाड्यांत आणि विमानांच्या इंजिनात एरंडेल वापरायचे, आणि १९०९ मध्ये बाजारात आलेल्या 'कॅस्ट्रॉल'चं नावसुद्धा 'कॅस्टर' म्हणजे एरंडावरूनच पडलं. तेव्हा मंडळी, आजचं गुऱ्हाळ एरंडाचं आहे हे आधीच कबूल करतो. ज्यांना इंजिनाच्या भानगडीत रस नाही त्यांनी मधले काही परिच्छेद गाळले तरी चालेल. पण ताई, तू गाळू नकोस. यात अण्णांची गोष्ट आहे, आणि त्यातला एक भाग मी तुला आजवर सांगितलेला नाही.

*

आमची फियाट १९७९ ची. कागदोपत्री 'प्रीमियर पद्मिनी', पण घरात तिला कोणी कधी पद्मिनी म्हटलं नाही. त्या काळी गाडी नुसते पैसे भरून मिळत नसे, नंबर लागावा लागे. अण्णांचा नंबर लागला तेव्हा ते बँकेत नोकरीला होते आणि मी पहिलीत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, मूळ इटलीच्या फियाट ११०० ची ही भारतीय बहीण. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवर गिअर. खंबाटकीच्या घाटात पाणी उकळलं की बॉनेट उघडं टाकून रस्त्याच्या कडेला दशम्या खायच्या, हे कोल्हापूरच्या प्रत्येक प्रवासात ठरलेलंच.

अण्णांनी गाडीबरोबर एक वही घातली. वही म्हणजे बँकेतल्या माणसाची वही! तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे. दर अडीच हजार किलोमीटरला एकच नोंद : 'ऑ. बदलले. ४० नं.' म्हणजे एसएई ४० ग्रेडचं साधं ऑइल. पंपावर मिळायचं ते. गाडी वर्षभरात अडीच हजार चालली नाही, तर दिवाळीच्या आधी तीच नोंद. एकोणचाळीस वर्षांत तीन वह्या भरल्या. दर पानावर तेच. लहानपणी मला वाटायचं, काय हा कंटाळवाणा माणूस!

२०१८ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णांनी गाडी चालवणं थांबवलं. डोळ्यांचं निमित्त झालं. किल्ली माझ्याकडे आली.

आणि मी ठरवलं, आता या गाडीचे लाड करायचे.

*

लाड म्हणजे काय, तर सगळ्यात महागडं ऑइल आणलं. फुल्ली सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०. माझ्या दुसऱ्या, नव्या गाडीला तेच लागायचं. त्या डब्याची किंमत बघून अण्णा म्हणाले, "हे कुठलं ऑइल?" मी म्हटलं, "अण्णा, तुमचं ते चाळीस नंबर आता जुनं झालं. हे सिंथेटिक असतं. इंजिन मख्खन चालेल." अण्णा काही बोलले नाहीत. वही मात्र त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती कपाटात ठेवली.

पहिला महिना खरंच मख्खन. मग तीन गोष्टी एकापाठोपाठ एक झाल्या.

पहिली म्हणजे पार्किंगच्या फरशीवर डाग. आधी रुपयाएवढा, मग भाकरीएवढा. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी फलकावर नाव न घेता सूचना लावली. दुसरी, टॅपेटचा आवाज. सकाळी गाडी चालू केली की शिवणयंत्र सुरू झाल्यासारखं टकटकटक. आणि तिसरी गोष्ट, जिने माझी झोप उडवली : मे महिन्यात भर दुपारी स्वारगेटच्या सिग्नलला उभा असताना डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. रेस केली की विझायचा, सोडली की परत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : तो दिवा लागणं म्हणजे इंजिनात तेलाचा दाब उरलेला नाही. डॉक्टरकडे गेल्यावर त्यांनी नाडी धरावी आणि भुवया उंचावाव्यात, तसं.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी पाच मिनिटं ऐकून सांगितलं, "इंजिनाचं काम काढावं लागेल. क्रँक, बेअरिंग, ऑइल पंप, सगळं." आकडा साठ हजारांच्या वर गेला, आणि सुटे भाग मिळतील याची खात्री नाही ती नाहीच. घरी सगळ्यांचं एकमत झालं की आता पुरे. पुढच्या पासिंगचा प्रश्न होताच. ओळखीतून एक गिऱ्हाईक मिळालं. गाडी चालवायला नव्हे, पार्ट काढायला. रविवारी येऊन घेऊन जातो म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी अण्णांनी टेबलावर एक पाकीट ठेवलं. त्यात दुसरी किल्ली, आरसी बुक, टॅक्सची जुनी पावती. वर त्यांच्या अक्षरात 'फियाट'. हे मी तुला सांगितलं नव्हतं, ताई. पाकीट ठेवून ते आत गेले आणि दारातून परत वळून एवढंच विचारलं, "तू ते ऑइल बदललंस का रे?"

मला राग आला. इथे इंजिन गेलंय आणि हे ऑइलचं काय घेऊन बसलेत! पण रात्री झोप येईना. रविवारी सकाळी सातला मी गाडी काढली आणि नाना पेठेत मामांकडे गेलो.

*

मामा म्हणजे अण्णांचे मेकॅनिक. स्वतःचं गॅरेज त्यांनी कधीच बंद केलंय, मुलाच्या दुकानात येऊन बसतात. त्यांनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक ओढली, तेल दोन बोटांत घेऊन चोळलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे काय पाणी भरलंय?"

मी किंमत सांगितली. त्यांनी ती ऐकलीच नाही. पोराला हाक मारली, "याचं ऑइल काढ. वीस-पन्नास आण. साधं."

तासाभराचं काम. जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल भरलं. टॅपेट कव्हरचं वाळलेलं पॅकिंग बदललं, टॅपेट सेट केले. मग मामांनी मला उन्हात हडपसरपर्यंत फिरवून आणलं. परत येऊन गाडी न्यूट्रलला उभी केली. दिवा विझलेला होता आणि विझलेलाच राहिला.

गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की येऊ नका. साठ हजारांचं दुखणं होतं हे खरंच, पण ते इंजिनात नव्हतं, माझ्या डोक्यात होतं.

*

आता त्या मुलाला पार्किंगमध्ये जे सांगितलं ते नीट लिहितो. ही सगळी माहिती मी त्या रविवारनंतर, म्हणजे गाढव धुतल्यावर, वाचून आणि विचारून गोळा केलेली आहे.

तेलाच्या डब्यावरचे आकडे म्हणजे दर्जा नव्हे, ते तेलाचा घट्टपणा सांगतात. तेल तापलं की पातळ होतं, गार झालं की घट्ट. हिवाळ्यात काकवी बाटलीतून पडत नाही आणि गॅसवर ठेवली की पाण्यासारखी धावते, तसंच. '२०डब्ल्यू-५०' मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतला, दुसरा इंजिन पूर्ण तापल्यानंतरचा, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला मोजलेला. १०० अंशांना ३० च्या तेलाचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० चा १२.५ ते १६.३ आणि ५० चा १६.३ ते २१.९ च्या आत. म्हणजे मी भरलेलं तेल तापल्यावर मामांच्या तेलापेक्षा बरंच पातळ. मामांनी बोटांनी मोजलं ते हेच.

पण नव्या गाड्या पातळ तेलावर मजेत धावतात की! हल्ली ०डब्ल्यू-२० सर्रास असतं, काहींना त्याहून पातळ चालतं. ते खरंच आहे. पण ती इंजिनं त्या तेलाभोवती बेतलेली असतात. भागांमधल्या फटी बारीक, पंप त्या हिशेबाचा, आणि पातळ तेलाने पेट्रोल थोडं वाचतं हा मुख्य उद्देश. आमच्या फियाटच्या इंजिनाचा आराखडा फार जुना. फटी मुळातच मोठ्या, त्यात चाळीस वर्षांची झीज. क्रँक फिरतो तो बेअरिंगवर टेकून नव्हे, तेलाच्या पातळ थरावर तरंगत. फटीतून तेल भराभर निसटलं की दाब टिकत नाही. गाडी उभी असताना पंपही हळू फिरतो. मग लाल दिवा लुकलुकणारच.

आणि पहिला आकडा? त्याच्यासाठी आपण उगाच पैसे मोजतो. '२०डब्ल्यू' तेलाची थंडीत इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांना होते, '५डब्ल्यू'ची उणे ३० ला. पुण्यात पारा सहा-सातावर आला की पहिल्या पानावर बातमी येते. उणे तीसची तयारी करून आपण कात्रजच्या पलीकडे कुठे जाणार आहोत?

*

मग अण्णांचं चाळीस नंबर बरोबर होतं का? इथे मी अण्णांशीही थोडा भांडणार आहे. (ते हे वाचणार नाहीत, त्यांना मी प्रिंट काढून देतो तेव्हाच वाचतात. हा परिच्छेद गाळून देईन. :))

साधं एसएई ४० म्हणजे एकाच ग्रेडचं तेल. तापल्यावर ते ठीकच असतं. अडचण सकाळची. रात्रभर उभ्या गाडीत ते घट्ट होऊन खाली चेंबरमध्ये बसतं आणि चालू केल्यावर वर टॅपेटपर्यंत पोचायला वेळ लावतं. इंजिनाची बरीचशी झीज त्या पहिल्या काही क्षणांतच होते. मल्टिग्रेड तेलात पॉलिमर मिसळलेले असतात. ते गारठ्यात आकसून राहतात आणि तापल्यावर उलगडतात, त्यामुळे तेल थंडीत फार घट्ट होत नाही आणि उन्हात फार पातळ होत नाही. अण्णांनी गाडी घेतली तेव्हा पंपावर चाळीस नंबर होतं, त्यांनी ते टाकलं, गाडी चालली, सवय झाली. २०डब्ल्यू-५० त्यांच्या तेलाचं सुधारलेलं रूप आहे, शत्रू नव्हे. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मामा म्हणाले ना? मग ठीक." म्हणजे माझ्या वाचनाला काही किंमत नाही!

*

आता झिंक. जुन्या गाड्यांच्या जगात या एका शब्दावरून जेवढी भांडणं होतात तेवढी इस्टेटीवरून होत नसतील.

गोष्ट अशी आहे. आमच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि त्याचे उंचवटे टॅपेटच्या सपाट तळावर घासत फिरतात. हल्लीच्या अनेक इंजिनांत तिथे रोलर असतो. तो घासत नाही, गडगडत जातो. सपाट टॅपेटवर एवढ्याशा जागेत प्रचंड दाब येतो आणि तेलाचा थर तिथे अपुरा पडतो. म्हणून तेलात झेडडीडीपी नावाचं, जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन घालतात. उष्णता आणि दाब मिळाला की ते धातूवर एक पातळ पापुद्रा धरतं आणि घासला जातो तो पापुद्रा, कॅम नव्हे.

पण फॉस्फरस जळून धुराड्यात गेला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणून तेलातलं त्याचं प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करत नेलं. २००४ मध्ये आलेल्या एपीआय 'एसएम' दर्जापासून पातळ तेलांत ते ०.०६ ते ०.०८ टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचं असा नियम झाला. तेव्हापासून जुन्या गाडीवाल्यांत घबराट आहे की नवीन तेल म्हणजे विष.

या घबराटीत एक बारीक गोष्ट हरवते. ती वरची मर्यादा आहे ती ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा, इंधन वाचवणाऱ्या पातळ ग्रेडना. २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. म्हणजे डब्यावर 'एसएन' किंवा 'एसपी' असा नवा दर्जा लिहिलेला दिसला म्हणून २०डब्ल्यू-५० मध्ये झिंक नसणार असं समजायचं कारण नाही. माझी चूक पाहा : पातळ ग्रेड निवडून मी दाबही घालवला आणि वर झिंकही कमी असलेलं तेल मिळवलं, तेही जास्त पैसे मोजून. आमच्या गाडीला कन्व्हर्टर नाहीच. आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून सक्तीचा झाला. ज्या रोगाची गाडीला शक्यताच नाही त्याचं पथ्य मी तिला पाळायला लावत होतो.

मामांनी टॅपेट सेट करताना एक कॅम जरा बसलेला दाखवला, म्हणजे उंचवटा झिजलेला. तो माझ्या आठ महिन्यांनी झिजला की आधीच्या चाळीस वर्षांनी, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो दिसला तेव्हा मला बरं वाटलं नाही.

झिंकच्या वेगळ्या बाटल्याही मिळतात, तेलात वरून घालायच्या. त्यांच्या नादी लागू नये असं माझं मत. प्रमाणाबाहेर झिंक-फॉस्फरस झालं तर तेच धातूला खायला लागतं. आमटीत मीठ कमी आहे की नाही हे न चाखता वरून मूठभर घालायचं नसतं.

*

त्या मुलाचे बाकीचे प्रश्न आणि माझी उत्तरं, थोडक्यात.

सिंथेटिक वाईट का? नाही. ते सील खातं वगैरे बोललं जातं त्यात फार तथ्य नाही. आमच्याकडे गळती झाली कारण पॅकिंग मुळातच वाळलं होतं आणि पातळ, जास्त डिटर्जंटच्या तेलाने त्या फटीत बसलेला जुना मळ धुऊन काढला. गळका माठ घासला की जास्त गळतो, दोष पाण्याचा नसतो. योग्य ग्रेडचं सिंथेटिक चालेल. पण तेल दर वर्षी बदलणारच असाल तर त्या महागाईचा उपयोग नाही, कारण सिंथेटिकचा मोठा फायदा दीर्घ टिकण्यात आहे.

डिझेलचं १५डब्ल्यू-४० टाकावं का? टॅक्सीवाले आणि ट्रकवाले हा सल्ला हमखास देतात. तो अगदीच चुकीचा नाही, कारण त्यात झीज रोखणारी द्रव्यं भरपूर असतात. डब्यावर डिझेलच्या 'सी' दर्जाबरोबर पेट्रोलचा 'एस' दर्जाही छापलेला हवा. २०डब्ल्यू-५० मिळालं नाही तर माझी दुसरी पसंती हीच.

तेल लगेच काळं पडतं, म्हणजे खराब का? उलट. मळ स्वतःत धरून ठेवणं हे डिटर्जंट तेलाचं कामच आहे. वर्षभर सोनेरी राहणारं तेल एक तर काम करत नसेल किंवा गाडी चालतच नसेल.

गाडी कधी न उघडलेली, वर्षानुवर्षं पडून असलेली असेल तर? मग नवं तेल भरायच्या आधी चेंबर उतरवून साफ करावं. नाहीतर तळाचा गाळ सुटून पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. आणि पहिलं तेल लवकर, हजारभर किलोमीटरलाच बदलावं.

बनावट तेलाचं काय? ही मात्र खरी भीती. भरवशाच्या दुकानातून, सील बघून, बिल घेऊन तेल घ्यावं आणि रिकामा डबा भोसकून टाकावा. नाहीतर आपलाच डबा काळं तेल गाळून भरून परत बाजारात यायचा.

किती दिवसांनी बदलायचं? वर्षाला एकदा. मग गाडी पाचशे किलोमीटर चालो की पाच हजार. उभ्या गाडीच्या तेलातही दमट हवेचं पाणी आणि कच्चं पेट्रोल उतरतं. आणि गाडी काढली की निदान अर्धा तास चालवावी, म्हणजे ते पाणी उडून जातं. रविवारी पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद करणं ही सेवा नव्हे, छळ आहे.

आणि ब्रँड? शेवटी. कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं, योग्य ग्रेडचं घ्या. भांडायचंच असेल तर ग्रेडवरून भांडा, लेबलावरून नको.

*

मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. त्या दिवशी फोटो बघताना मनात आलं, त्या टॅक्स्या रात्रंदिवस, दोन-दोन पाळ्यांत, भर पावसात आणि ट्रॅफिकमध्ये लाखो किलोमीटर धावल्या. त्यांचे कोणी लाड केले नव्हते. साधं तेल भरलं, वेळेवर बदललं, पोट भरायचं होतं म्हणून आवाजाकडे कान ठेवला.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. जुन्या गाडीवर माया करायची म्हणजे आपल्याला परवडेल ते सर्वात महाग तिच्यात ओतायचं, असं आपल्याला वाटतं. त्यात गाडीपेक्षा आपलंच समाधान जास्त असतं. तिला काय हवंय हे तिच्या बनावटीत लिहिलेलं असतं : फटी केवढ्या, टॅपेट कसले, हवा कुठली. ते वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत, कारण किंमत मोजली की कष्टांतून सुटका झाल्यासारखी वाटते. आणि हे फक्त गाडीचंच नाही. अण्णांसाठी मी परदेशी व्हिटॅमिनच्या बाटल्या आणल्या होत्या, तुला आठवत असेल ताई. त्या तशाच फळीवर आहेत. त्यांना हवं असतं ते साडेसातला जेवण आणि कोणीतरी समोर बसलेलं.

त्या रविवारी मामांकडून घरी आलो तेव्हा अण्णा गॅलरीत उभे होते. आवाजावरूनच त्यांना कळलं असणार. मी वर जाऊन पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दुसरी किल्ली काढून खुंटीला लावली, आणि म्हणाले, "वही आण."

तिसऱ्या वहीत त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली आठ महिन्यांची मोकळी जागा होती. त्याखाली मी लिहिलं : तारीख, किलोमीटर, 'ऑ. बदलले. २०-५०.' अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "पैसे नाही लिहिलेस."

लिहिले. त्यानंतर दर दिवाळीच्या आधी लिहितोय. अण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत. रविवारी पुढच्या सीटवर बसतात, सिग्नलला गाडी थांबली की त्यांची नजर रस्त्यावर नसते, डॅशबोर्डच्या त्या दिव्यावर असते. माझीही.

असो. गुऱ्हाळ लांबलं. त्या सोसायटीतल्या मुलाने काल २०डब्ल्यू-५० आणलं. मी त्याला एक कोरी वही दिली. तुमच्यापैकी कोणाकडे जुनी फियाट, अँबेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड असेल तर कुठलं तेल टाकता ते जरूर सांगा. चहा गार झाला तरी हरकत नाही.